दोन्ही याद्या माझ्याच

तिला काढून टाकायला जी यादी वापरली गेली, ती मी केली होती. चौदा मुद्दे, प्रत्येकापुढे तारीख, कोणी पाहिलं त्याचं नाव, आणि उजवीकडे 'कार्यवाही'साठी मोकळा रकाना. असली कामं मला चांगली येतात. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या आमच्या मंडळाचा गणपती माझ्या याद्यांवर बसतो आणि माझ्या याद्यांवर उठतो, असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

आता कोणी म्हटलं की डोकं फिरतं.

ती रशियन होती, सायबेरियातल्या एका खाणीच्या गावातली. माझ्याच वयाची, पंचेचाळीस ओलांडलेली. एके काळची फ्रीस्टाइल पैलवान. रुंद, बुटकी, दोन्ही कान कांदाभज्यांसारखे चुरगळलेले. रेल्वेलाइनजवळच्या एका शेडमध्ये ती शाळकरी मुलींना कुस्ती शिकवायची. माझी मुलगी नववीत असताना मैत्रिणीच्या नादाने तिथे गेली आणि टिकली. मी तिला सोडायला जायचे, म्हणून ओघानेच क्लबच्या पालकांची सेक्रेटरी झाले. जिथे कागद विस्कटलेले दिसतात तिथे माझे हात आपोआप जातात.

ती शेडच्या दारात उभी असायची. येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या काखेत हात घालून तिला उचलायची, क्षणभर तशीच धरायची, खाली ठेवायची आणि आकडा सांगायची. "एकावन्न. परवा बावन्न होतीस. दुपारी काय खाल्लंस?" उत्तर पटलं तर आत, नाही तर बाजूच्या बाकावर. बाकाजवळ तिचं मोठं पातेलं असायचं. त्यात बकव्हीट शिजवलेलं, उत्तरेकडे उपवासाला ज्याचं पीठ खातात ना, कुट्टू, तेच, अख्खं, लोणी घातलेलं. ते वाटीभर संपवल्याशिवाय मॅटवर पाय ठेवायचा नाही. वजनकाटा क्लबमध्ये होता, पण तो तिने कपाटात घालून कुलूप लावलं होतं. किल्ली विचारली की म्हणायची, "नदीत." आमच्याकडे नदी आहे, त्यामुळे ते खरंही असेल.

पौंडांच्या या देशात ती किलोत बोलायची. आम्हा देशी आयांना तिचा आकडा थेट कळायचा. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "आई कोण?" मी पुढे झाले, आणि काही कळायच्या आत माझे पाय जमिनीवरून सुटले.

"अडुसष्ट," ती म्हणाली.

मी सहा वर्षं प्रत्येक फॉर्मवर बासष्ट लिहीत होते. माझी मुलगी हसून हसून बाकावर आडवी झाली. पुढे माझ्या यादीतला पहिला मुद्दा हाच होता: परवानगीशिवाय शरीराला स्पर्श.

तिचं इंग्रजी मोडकं होतं आणि ते सुधारण्याची तिला घाई नव्हती. मला ती 'सेक्रेटरी' म्हणायची. मॅट पुसायला मी पालकांच्या पाळ्या लावल्या, चार रंगांत तक्ता केला, भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी तक्ता खाली आणि ती गुडघ्यांवर बसून एकटीच मॅट पुसतेय. मी चिडले. "सेक्रेटरी," ती मान वर न करता म्हणाली, "ज्याने इथे तोंड घासलं नाही त्याला इथे काय पुसायचं ते दिसत नाही." हा मुद्दा क्रमांक चार: पालकांच्या सहभागास विरोध.

मुलगी जिंकली तर ती टाळ्या वाजवत नसे. हरून रडत आली तर म्हणायची, "आधी जेव. मग रडायला ताकद येईल." एका बापाने मुलीचा हरलेला डाव फोनवर टिपला आणि तिथेच तिला दाखवून चुका सांगायला लागला. हिने त्याच्या हातातून फोन अलगद काढून घेतला, फरशी पुसायच्या बादलीत सोडला, आणि मुलीला म्हणाली, "चल, अंडी खाऊ." मुद्दा क्रमांक सात. तेव्हा मी मनातून खूश झाले होते, हे मी मुद्द्यात लिहिलं नाही.

तिचं सगळं आयुष्य मला माहीत होतं, कारण तिच्या ग्रीन कार्डच्या अर्जाची फाइल मी लावली होती. तीच माझी पहिली यादी. ती ज्या स्पोर्ट्‌स सेंटरच्या पगारावर होती, म्हणजे ज्यांचा तो क्लब होता, त्यांच्याच नावावर तिचा व्हिसा आणि त्यांच्याच मार्फत तिचा अर्ज. त्यासाठी 'विशेष गुणवत्ते'चे पुरावे हवे होते. ती चपलांच्या खोक्यातून पदकं, कात्रणं, प्रमाणपत्रं घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. चार रविवार आम्ही बसलो.

तारखा तिला सांगता येत नव्हत्या. ती आयुष्य वजनांनी मोजायची. "आई वारली तेव्हा मी एकावन्न होते. लग्न पंचावन्नमध्ये झालं, मोडलं तेसुद्धा पंचावन्नमध्येच." गावात मुलींची तालीम नव्हती, म्हणून मुलांशी खेळली. तिच्याशी हरलेला मुलगा दुसऱ्या दिवशी यायचा बंद व्हायचा, असं करत करत गावची तालीमच ओस पडली, हे ती फार समाधानाने सांगायची. मग राज्य, मग राष्ट्रीय शिबिर, युरोपात दोन रौप्य, जागतिक स्पर्धेत कांस्य. सगळं पंचावन्न किलोत.

पण पंचावन्नमध्ये तिच्या देशात तिच्याहून सरस एक जण होती, आणि ऑलिंपिकला एका वजनात एकच जाते. वरच्यांनी सांगितलं, तू अठ्ठेचाळीसमध्ये उतर. सात किलो. तिने उतरवले. कसे, ते तिने सांगितलं. रबरी सूट घालून पळणं, जीभ कोरडी पडेपर्यंत थुंकणं, शेवटच्या आठवड्यात चमचाभर पाणी. केस मुठीने गेले. निवडचाचणीच्या दिवशी काटा बरोबर अठ्ठेचाळीसवर थांबला.

"आणि मॅच?" मी पेन धरून विचारलं.

"मला आठवत नाही."

"म्हणजे हरलात?"

"हरलेच. कागदावर आहे. पण ती सहा मिनिटं मला आठवत नाहीत, सेक्रेटरी. सगळी कारकीर्द ज्याच्यासाठी केली, ती सहा मिनिटं. डोळे उघडले तेव्हा नळी लावलेली होती."

"मग मी इथे काय लिहू?"

तिने विचार केला. "लिही, वजन बरोबर भरलं."

मी ते लिहिलं. टाइप केलं, तीन प्रती काढल्या, एक तिला, एक वकिलाला, एक माझ्या फाइलीत. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी चीड इथून सुरू होते. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी ते टाइप केलं होतं.

आता तो गृहस्थ. क्लबच्या पालक-समितीचा अध्यक्ष, आयटीत मॅनेजर, राहणार आमच्याच गल्लीत, मूळचा पुण्याचा. पण कुस्तीचा विषय निघाला की तो आजोळाच्या जोरावर कोल्हापूरचा व्हायचा. लहानपणी मामाने एकदा मैदान बघायला नेलं होतं आणि हा त्याच्या खांद्यावर झोपला होता, एवढाच त्याचा तांबड्या मातीशी संबंध. त्याची मुलगी माझ्या मुलीच्याच वजनाची. ती लागोपाठ हरत होती. मुलीला खालच्या वजनात टाका म्हणून तो कोचच्या मागे लागला. कोच म्हणाली, "तुला खेळायचंय का? तू उतर."

"वहिनी, हे बरोबर नाही," तो मला पार्किंगमध्ये म्हणाला. "यार, लोअर वेटला फील्ड वीक आहे, सिंपल मॅथ्स आहे. कॉलेज अ‍ॅप्लिकेशनला एक मेडल लागतं. ही बाई मुलींचं करिअर स्पॉइल करतेय."

"पण ती स्वतः खेळलेली आहे."

"म्हणून काय झालं? कुस्ती आपल्या रक्तात आहे. तुम्ही फक्त डॉक्युमेंट करत चला. तुमच्यासारखं कोणी करत नाही."

तुमच्यासारखं कोणी करत नाही. एवढ्यावर मी विकले गेले. मी एक नवीन शीट उघडली.

त्याच श्रावणात माझ्या मुलीने जाहीर केलं की ती सोमवार करणार. मग संकष्टी. मग गुरुवार. अमेरिकेत जन्मलेली, देवासमोर उभं राहायला दहा वेळा सांगावं लागणारी मुलगी आपणहून उपवास करतेय म्हटल्यावर मी हवेत गेले. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. साताऱ्याहून माझ्या आईचा फोन आला, ती रडली. "संस्कार ग, दुसरं काय," म्हणाली. मी उपवासांचा तक्ता केला, फ्रीजवर लावला. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याचा कीस. मुलगी ताट खोलीत घेऊन जायची. "आय हॅव होमवर्क, आई." आमच्या उपवासाने आजवर कोणाचं वजन उतरलेलं मी पाहिलेलं नाही, चढलेलं पाहिलंय. पोरगी वाळत होती आणि मला वाटत होतं, तेज येतंय.

कोचने तिला दारात उचललं आणि खाली ठेवलंच नाही. तशीच धरून राहिली. "हलकी," ती म्हणाली. "काय खाल्लंस?"

"इट्स माय रिलिजन, कोच."

बाक. पातेलं. मुलगी म्हणाली, "हे चालत नाही मला." खोटं होतं ते. कुट्टू तर उपवासालाच चालतं. पण तेव्हा मी तिथे नव्हते आणि कोचला कुठून माहीत असणार? तिने मुलीला मॅटवर पाऊल टाकू दिलं नाही. तीन आठवडे मुलगी रोज जायची, बाकावर बसून यायची आणि गाडीत रडायची. "आई, शी वोन्ट लेट मी रेसल बिकॉज ऑफ माय फास्ट."

मी तडक गेले. ऐन गणपतीचे दिवस होते, मंडळाची शंभर कामं सोडून गेले.

"हा आमचा धर्म आहे," मी तिला सांगितलं. "तुम्हाला अडवता येणार नाही. इथे कायदा आहे."

तिने मॅट पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "सेक्रेटरी, तुझा देव किती किलो मागतो?"

माझ्या अंगाची लाही झाली. पुढे ती काहीतरी मुलीच्या हातांबद्दल बोलली, "हात धर तिचे, थंड आहेत," असं काहीतरी. मी ऐकायला थांबले नाही. घरी येऊन चौदावा मुद्दा लिहिला. धार्मिक भावना दुखावल्या, धार्मिक आचरणामुळे खेळण्यास मनाई केली. तिचं वाक्य अवतरणचिन्हांत, तारीख, वेळ.

बाकीचे तेरा मुद्दे सेंटरवाल्यांनी हसण्यावारी नेले असते. चौदावा कोणालाच नेता येत नाही. अध्यक्षांनी यादी पुढे पाठवली आणि मला दोन्ही हात जोडलेलं चिन्ह पाठवलं. नवरात्राच्या तिसऱ्या माळेला तिला काढल्याचं पत्र आलं.

नोकरी गेली की साठ दिवस; तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा. ज्याने इथे व्हिसावर बारा वर्षं काढली आहेत, त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करत होते तेव्हा आम्ही आठ महिने सोफा घेतला नव्हता, फोल्डिंगच्या खुर्च्यांवर बसून जेवलो होतो. दारावर कुरिअरवाला आला तरी आधी खिडकीतून बघायचो. आम्हीच, ही भीती पोटात घेऊन म्हातारे झालेले आम्हीच, दुसऱ्या माणसावर तेच आणताना क्षणभर थांबलो नाही. समितीत पाच जण होते. चौघांनी ग्रीन कार्डची रांग भोगलेली होती. एकानेही 'तिच्या व्हिसाचं काय' असं विचारलं नाही. मीही नाही.

दिवाळीच्या आधी मी खोलीवार साफसफाई करते. मुलीच्या कपाटात, हिवाळी बुटांच्या मागे, एक वही सापडली. उघडली तर तक्ता. माझाच तक्ता. डावीकडे तारीख, मग उपवासाचं नाव, मग सकाळचं वजन, रात्रीचं वजन, आणि उजवीकडे रकाना. रकान्यात माझ्या स्वयंपाकाची नोंद होती. खिचडी, कचरा. लाडू, कचरा. कीस, कचरा. दर शनिवारपुढे 'काकांचं गॅरेज'. अध्यक्ष काकांनी गॅरेजमध्ये काटा ठेवला होता, स्वतःच्या मुलीसाठी आणि माझ्या मुलीसाठी. संकष्टीचं स्पेलिंग बरोबर होतं. ते तिने मला विचारलं होतं आणि मी कौतुकाने सांगितलं होतं.

पहिला आकडा त्रेपन्न. शेवटचा, दसऱ्याचा, अठ्ठेचाळीस.

मुलगी शाळेतून आली तेव्हा वही टेबलावर होती.

"हे काय आहे?"

"आई, डोन्ट."

"हे काय आहे?"

"फर्स्ट इट वॉज जस्ट फॉर द वेट," ती म्हणाली. तिचे ओठ फुटलेले होते, ते मला तेव्हा दिसले. "देन यू वर सो हॅपी. आजी रडली फोनवर. आय कुडन्ट स्टॉप आफ्टर दॅट."

मी तिचे हात धरले. थंड होते. ऑक्टोबरची ऊबदार दुपार होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. तिसऱ्या दिवशी सेंटरच्या ऑफिसात गेले, तक्रार मागे घ्यायला. तिथली बाई गोड होती. म्हणाली, फाइल बंद झाली आहे, नवीन कोचशी करार झाला आहे. आणि मग कौतुकाने म्हणाली, "इतकी व्यवस्थित तक्रार आमच्याकडे आजवर आली नव्हती." मला तिथली खुर्ची उचलून काचेवर घालावीशी वाटली. मी आभार मानून बाहेर आले. मी अशीच आहे.

अध्यक्षांच्या दारात मात्र मी ओरडले, गल्ली ऐकेल असं. तो म्हणाला, "वहिनी, कूल डाऊन. मुलींनी स्वतः चूज केलं. आणि यादी तर तुमची होती ना?"

त्या साठांतल्या एक्केचाळिसाव्या दिवशी मी मुलीला घेऊन कोचच्या अपार्टमेंटवर गेले. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलीच्या काखेत हात घातले, उचललं.

"पन्नास," ती म्हणाली. मग आत जाऊन पातेलं चढवलं. मुलीने दोन वाट्या खाल्ल्या, आवाज न करता, मान खाली घालून.

टेबलावर तिची फाइल उघडी होती. एका बाजूला मी केलेली गुणवत्तेची यादी, दुसऱ्या बाजूला मी केलेली तक्रारींची. सेंटरने तिला प्रत दिली होती. मी येताना कागदावर पाच उपाय लिहून आणले होते. दुसरे वकील, दुसरा क्लब, आयोवातलं एक कॉलेज, पालकांच्या सह्यांचं पत्र, माझा लेखी माफीनामा. मी वाचायला लागले. तिने हात वर केला.

"दोन्ही तुझ्या," ती फाइलीकडे बोट दाखवून म्हणाली. "मी दोन्ही वाचल्या. दोन्हीत खोटं काही नाही. मी उचलते. मी फोन बुडवला. मी देवाबद्दल विचारलं."

तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मला त्या हव्या होत्या. ती शांत होती म्हणून मीच भडकले. "मग तुम्ही मला स्पष्ट का नाही सांगितलं? उपाशी राहून काय होतं ते? बाकावर बसवण्यापेक्षा मला घरी येऊन सांगायचं!"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या घरीच सांगितलं. तू तीन प्रती काढल्यास."

पाचांपैकी एकही उपाय चालला नाही. सत्तावन्नाव्या दिवशी, बर्फ पडत असताना, मी तिला विमानतळावर सोडलं. ज्या राष्ट्रीय शिबिरातून ती निघून आली होती, तिथेच आता शिकवायला परत जात होती. तिथे मुलींना अजून काट्यावर उभं करतात, हे तिनेच एका रविवारी मला सांगितलं होतं. माझ्याकडे बॅगा तोलायचा हातातला काटा होता, आपल्याकडे प्रत्येक घरात असतो तसा. मी तो पुढे केला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो पुन्हा पर्समध्ये टाकला. बॅग एका हाताने उचलली, म्हणाली, "बावीस आठशे." काउंटरवर आकडा उमटला, बावीस पूर्णांक आठ. ती मागे वळली नाही.

क्लब छान चालू आहे. दारात आता डिजिटल काटा आहे, मुली रांगेने मोजे काढून त्यावर चढतात. अध्यक्षांच्या मुलीला खालच्या वजनात रौप्य मिळालं. फोटो ग्रुपवर आला. पदकामागे पोरीचे गाल आत गेलेले. त्याखाली चाळीस अंगठे. मी एकच ओळ लिहिली: 'हिने आज काय खाल्लं?' मला ग्रुपमधून काढलं गेलं. सेक्रेटरीपद आधीच सोडलं होतं. फ्रीजवर सध्या काही लावलेलं नाही.

मुलगी कुस्ती सोडणार नाही म्हणते. दर शनिवारी मी तिला पाऊण तास गाडी चालवून दुसऱ्या गावातल्या क्लबला नेते. तिथल्या कोचला पहिल्याच दिवशी मी सांगितलं, हिचं वजन त्रेपन्न, हिला त्रेपन्नातच खेळवायचं. तो म्हणाला, पौंडात सांगा. मी म्हटलं, तुम्ही करा गुणाकार.

रोज ती शाळेतून आली की मी दारात उभी राहते. तिच्या काखेत हात घालते आणि सगळा जोर लावते. माझी कंबर धरते, तिच्या टाचा जेमतेम सुटतात, बोटं जमिनीवरच राहतात. आकडा मला कळत नाही. तो कळायला काय लागतं ते माझ्याकडे नाही.

"आई, यू आर सो वीअर्ड," ती म्हणते. "सोड."

"दुपारी काय खाल्लंस?" मी विचारते. आणि उत्तर येईपर्यंत सोडत नाही.